दुसरा हात शेजारच्याला द्या

जयपूर, ४ ऑगस्ट

बाबा,

जय भीम. घरची खुशाली आई तुम्हाला रोज फोनवर सांगते आणि मी आतल्या खोलीतून ऐकते, म्हणून ती इथे लिहीत नाही. माझा फोन तुम्ही उचलत नाही. पत्र निदान बिकानेरच्या तुमच्या खोलीत टेबलावर पडून राहील, आणि ड्युटीवरून आल्यावर कधीतरी उघडाल, असं वाटतं. चुका असतील. हिंदी घुसलेलं दिसेल. लहानपणी दर रविवारी तुम्ही बसवून एक पान मराठी लिहून घ्यायचात म्हणून इतकं तरी जमतंय.

काल कॉलेज सुरू झालं. सीतापुऱ्याची बस पकडायला लवकर निघावं लागतं. बसमध्ये सगळ्या कपड्याच्या कारखान्यांतल्या बायका असतात, त्यांच्या डब्यांच्या वासात मी उभी असते. घाबरले होते, खरं सांगते. आईला सांगितलं नाही, कारण ती तुम्हाला सांगेल आणि तुम्ही म्हणाल, बघ.

जूनमध्ये तुम्ही म्हणाला होतात, "दिवे लावायला आणि विझवायला कॉलेज लागत नाही." हा कोर्स काय आहे हे तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. इंटरॅक्टिव्ह इलेक्ट्रॉनिक आर्ट म्हणजे अशी कला, जी नुसती भिंतीवर टांगलेली नसते. तुम्ही जवळ गेलात, हात लावलात, बोललात, की ती काहीतरी करते. माणूस आल्याशिवाय ती पुरी होत नाही. त्यासाठी वायरिंगही शिकायचं, प्रोग्रामही लिहायचा आणि चित्रही काढायचं.

पहिल्या दिवशी अमिता मॅडमनी वर्गात वेताची एक खुर्ची ठेवली होती. त्या आमचा पहिला पेपर शिकवतात, केस अगदी बारीक कापलेले, आवाज शांत. खुर्चीवर कुणी बसलं की ती दमलेल्या म्हाताऱ्यासारखा लांब श्वास सोडायची. सगळे हसत होते, एकेक जण बसत होता. मी बसले आणि खुर्ची गप्प राहिली. पुन्हा उठून बसले. तरी गप्प. मॅडम म्हणाल्या, "वज़न कम है तुम्हारा, सेंसर को पता ही नहीं चला." वर्ग हसला. मीही हसले. पण दिवसभर तेच मनात होतं, की मी बसले आणि त्या खुर्चीला कळलंच नाही.

ओळख करून देताना सगळ्यांनी पूर्ण नाव सांगितलं. मी नुसतं हर्षाली म्हटलं. मॅडमनी विचारलं, "आगे?" मी म्हटलं, "बस, हर्षाली." मुलांना ती माझी स्टाइल वाटली.

दोनदा नाकारलेलं रेल्वेतलं बिकानेरचं प्रमोशन तुम्ही यंदाच घेतलंत, मी इंजिनिअरिंगची सीट सोडली त्याच महिन्यात. आई म्हणते, योगायोग. मी तिला हो म्हणते.

जेवत जा वेळेवर.

तुमची,
हर्षाली


जयपूर, १४ सप्टेंबर

बाबा,

जय भीम. उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे मिळालं.

गेल्या आठवड्यात मी एक बोर्ड जाळला. छोटा, पत्त्याएवढा असतो, सगळं त्यावरच चालतं. वायर उलटी लावली, बारीक धूर निघाला आणि कोळशासारखा वास वर्गभर पसरला. दिल्लीहून आलेल्या मुलांनी शाळेतच हे सगळं केलेलं आहे. त्यांचे हात न बघता चालतात. मी प्रत्येक वायर तीनतीनदा तपासते, आणि तपासण्यातच वेळ जातो. रोज बसमधून उतरताना वाटतं, आज मला कुणीतरी म्हणेल, तू चुकून आलीस इथे.

एक मैत्रीण झाली आहे. सोनम. मानसरोवरला राहते, मेट्रो स्टेशनच्या जवळच. जाळलेला बोर्ड बघून तिनं तिचा दिला आणि म्हणाली, "मेरे से तो दो जले हैं." सेमिस्टरअखेर प्रत्येक जोडीनं एक काम करून लोकांसमोर मांडायचं आहे. बाहेरचे परीक्षक येतात. त्यात नापास झालं तर पुढच्या वर्गात घेत नाहीत. आम्ही दोघी जोडीनं करणार आहोत.

आमची कल्पना अशी. भिंतीवर दिव्यांची मोठी जाळी. समोर दोन तांब्याच्या पट्ट्या. एकानं एका पट्टीवर हात ठेवायचा, दुसऱ्यानं दुसरीवर, आणि दोघांनी मोकळे हात एकमेकांना द्यायचे. दोन माणसांमधून वीज जाते, इतकी थोडी की कळतही नाही, आणि भिंत उजळते. हात सोडला की अंधार. एकट्यानं काही होत नाही.

तांब्याच्या पट्ट्या आम्ही झोटवाड्यातल्या भंगारवाल्याकडून शोधून आणल्या.

सोनमच्या घरी गेले होते. तिची दादी फार प्रेमळ आहे. शेजारी बसवून जेवू घातलं, ताटात तूप वाढतच राहिली. तुमच्याबद्दल, गावाबद्दल बरंच विचारत होती. मी सगळं सांगितलं.

बिकानेरला धूळ फार उडते म्हणतात. रुमाल बांधत जा.

तुमची,
हर्षाली


जयपूर, ९ नोव्हेंबर

बाबा,

जय भीम. मागच्या पत्रात मी लिहिलं, दादीला सगळं सांगितलं. ते खरं नव्हतं.

दादीनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, "तायडे? ये महाराष्ट्र में क्या होते हैं?" अगदी सहज, जसं कुणी विचारतं की कुठल्या बसनं आलीस. हातात तुपाची वाटी होती तिच्या. मी म्हटलं, "मराठा." लगेच म्हटलं, विचार करायला एक क्षणही लागला नाही. ती म्हणाली, "अच्छा, शिवाजी महाराज वाले," आणि माझ्या ताटात अजून एक चमचा तूप घातलं. मी ते खाल्लं, बाबा.

त्यानंतर मी तिथे दोनदा गेले आहे. दरवेळी बाहेर निघाल्यावर तुमचा काळा कोट आठवतो, त्यावरची नावाची पट्टी. प्रत्येक ड्युटीआधी तुम्ही ती रुमालानं पुसायचात. आडनाव वाचून कुणी तिकीट देताना बोटांच्या टोकानं देतं, हे तुम्ही एकदा आईला सांगत होतात. मी झोपले आहे असं तुम्हाला वाटलं होतं. तरी पट्टी तुम्ही पुसायचातच. आणि मला तर इथे कुणी काही केलेलंसुद्धा नाही. केलं असतं का, हेही माहीत नाही. मी त्यांना तशी संधीच दिली नाही.

हे तुम्हाला का लिहिते आहे? आधीच तुम्ही बोलत नाही. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

आता कामाचं. थंडी पडायला लागली आणि आमचं यंत्र बंद पडलं. मतलब, बिघडलं नाही, पण इथली हवा इतकी कोरडी होते की हाताची कातडी खरखरीत होते आणि तिच्यातून वीज जाईना. पट्ट्यांवर हात ठेवून दोघी उभ्या, भिंत काळी. पुन्हा तपासलं सगळं, पुन्हा काळी. सोनम रडकुंडीला आली. अमिता मॅडमनी आमचे हात बघितले आणि म्हणाल्या, "पानी लो. गीले हाथ से करंट जाएगा." मग एका भांड्यात वायर सोडून, पाण्यात बोटं बुडवून बघितलं. भिंत एकदम पेटली. सोनमनं मला मिठी मारली. ती म्हणाली, "मटके लेते हैं! दो मटके. जयपुर में मटके से सुंदर क्या है?"

मी घरी येऊन आईला म्हटलं, आपला जुना माठ दे, लोक त्यात हात बुडवतील. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"कोण लोक?"

"कुणीही. बघायला येतील ते."

"कुणीही हात बुडवतील आपल्या माठात?"

"हो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार. नाही, नको विचारू." आणि मग तिनंच सांगितलं. मूर्तिजापूरजवळच्या तुमच्या शाळेबद्दल. पाण्याला हात लावू द्यायचे नाहीत, वरच्या वर्गातला मुलगा वरून ओतायचा आणि तुम्ही खाली ओंजळ धरून बसायचात. ओतणारा मुद्दाम हात हलवायचा आणि पाणी शर्टावर पडायचं.

तुम्ही मला हे कधीच सांगितलं नाही. अभ्यास कर, एवढंच सांगितलंत.

दुसरा माठ सोनमनं आणला, आपला आईनं घासून दिला. आता वर्गात त्याच्याकडे बघितलं की मला तुमची ती ओंजळ दिसते. सोनमला तो सुंदर दिसतो.

तुमची,
हर्षाली


जयपूर, १ डिसेंबर

बाबा,

जय भीम. प्रदर्शन बारा तारखेपासून आहे, तीन दिवस. आई म्हणते तुम्हाला बोलवावं. मी लिहिते आहे की येऊ नका.

कारण सांगते. प्रत्येक कामाशेजारी भिंतीवर एक पाटी लावायची असते. काम कशाबद्दल आहे ते चार ओळींत. मी सोनमला सगळं सांगितलं. मी कोण आहे, दादीशी काय खोटं बोलले, तुमच्या शाळेतलं पाणी. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "अरे तो क्या हुआ? मैं ये सब मानती ही नहीं." तिनं ते इतकं पटकन म्हटलं की मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी इतके दिवस लपवलेलं तिच्या लेखी काहीच नव्हतं.

मग मी म्हटलं, पाटीवर हेच लिहू या. तेव्हा तिनं हातातली वायर खाली ठेवली.

"दादी आने वाली है, हर्षाली. पूरा परिवार आएगा."

"तू तो नहीं मानती ना?"

"मैं नहीं मानती. पर उनको ऐसे, सबके सामने पता चले, ये भी तो ठीक नहीं. लिख देते हैं ना, मिलने से रोशनी होती है. बात तो वही है."

बात तीच नाही. पण तिचं सगळंच चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. ती म्हातारी बाई माझ्याशी चांगलीच वागली. खोटं मी बोलले. आणि गोष्ट तर माझी नाहीच, तुमची आहे. तुम्ही ती आयुष्यभर झाकून ठेवली आणि मी ती सीतापुऱ्याच्या एका हॉलच्या भिंतीवर लावू? परक्या लोकांनी वाचायला? तुम्हाला विचारायला हवं. विचारते आहे. पण उत्तर येणार नाही, हेही माहीत आहे.

 मॅडम म्हणतात, पाटी प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लावली तरी चालेल. मी काय लावेन मला माहीत नाही. काहीच न लिहिता पळ काढला, तर ते तुम्ही बघू नये. आणि लिहिलं, तर तेही बघू नये. म्हणून येऊ नका.

तुमची,
हर्षाली


जयपूर, १६ डिसेंबर

बाबा,

जय भीम. तुम्ही येऊन गेलात. आपण दोघं एका जागी इतके तास होतो आणि बोललो किती थोडं. म्हणून लिहिते. तुम्ही यायच्या आधीचं तुम्हाला माहीत नाही.

पाटी मी बारा तारखेला सकाळी लावली. हिंदीत लिहिली, म्हणजे दादीला वाचता येईल. ती मागून दुसऱ्याच्या तोंडून ऐकेल, त्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं वाटलं. सोनमनं वाचली. म्हणाली, "तूने कर ही दिया." पाटी काढली नाही, पण माझ्याशी बोलली नाही. वायरी जोडताना आम्ही फक्त "पकड़" आणि "छोड़" एवढंच म्हणत होतो.

पाटी तुम्ही वाचलीच आहे, तरी मराठीत लिहिते: "माझ्या वडिलांना शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. पाणी वरून ओंजळीत ओतत. तुमचा एक हात या पाण्यात बुडवा. दुसरा हात शेजारच्याला द्या." खाली माझं पूर्ण नाव.

दादी दुपारी आली. नवी शाल, हातात माझ्यासाठी लाडवांचा डबा. मला बघून लांबूनच हसली. बांगड्या वर सारल्या, माठाकडे हात नेला आणि मग तिला पाटी दिसली. ती ओठ हलवत वाचते. मी तिचे ओठ बघत होते. शेवटी माझ्या नावापाशी आली. तिनं हात मागे घेतला, शालीत घातला आणि मला म्हणाली, "तूने झूठ क्यों बोला, छोरी?"

आवाजात राग होता की दुःख, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "डर लगा था, दादी." तिनं पुन्हा माठाकडे बघितलं. मला वाटलं, आता हात पुढे करेल. तिनं केला नाही. डबा बाकावर ठेवला आणि दाराकडे निघाली. सोनम माझ्याकडे न बघता तिच्यामागे धावली. भिंत काळीच होती. दोघे परीक्षक तिथेच होते. त्यांनी सगळं बघितलं.

मला तिथून निघून जायचं होतं. खरंच, बॅग उचलली होती. आणि दारात तुम्ही होतात, काळ्या कोटात, नावाच्या पट्टीसकट. बिकानेरच्या गाडीनं उतरून सरळ आला होतात. किती वेळचे उभे होतात, दादीला जाताना बघितलंत का, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. पाटीकडे गेलात. वाचलंत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलंत.  वाटलं, आता तुम्ही ती ओढून काढाल, आणि काढली असती तर मी अडवलं नसतं. मग तुम्ही माझ्याकडे वळून पाच महिन्यांतलं पहिलं वाक्य बोललात.

"माठ नव्हता. पितळेचा हंडा होता."

"बदलू का?" मी विचारलं.

"बदल."

मी पेनानं खोडून वर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तोवर तुम्ही कोटाची बाही वर केली होती आणि हात पाण्यात घातला होता. दुसरा हात बाजूला पुढे धरून उभे राहिलात. शेजारी कुणी नव्हतं. मी एक पाऊल टाकलं, तर तुम्ही मान हलवून मला थांबवलंत. लोक होते हॉलमध्ये, पण काळा कोट बघून दबकत होते, किंवा पाटी वाचून. तुमचा हात तसाच हवेत होता. बाबा, तो वेळ मला सहन होत नव्हता. तुमच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघता तसे उभे होतात.

सोनम परत आली. डोळे लाल होते. दादीला गाडीत बसवून आली होती आणि गाडीत तिला काय ऐकावं लागलं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. तिनं तुमच्या कोटावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या माठात हात घातला आणि तुमचा हात धरला.

भिंत उजळली तेव्हा तुम्ही वर बघितलंत. मला तुमचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

सोनमनं हात सोडल्यावर तुम्हीही बाजूला व्हाल असं मला वाटलं. तुम्ही झाला नाहीत. एक मुलगा आला, एकटाच, जोडीदार नव्हता. तुम्ही त्याला हात दिलात. मग कुणाची तरी आई. मग कॉलेजच्या गेटवरचे भैया. "आइए, आइए," असं तुम्ही डब्यात प्रवाशांना म्हणता तसंच म्हणत होतात. एका लहान मुलीनं विचारलं, "अंकल, ये आपका है?" तुम्ही म्हणालात, "मेरी बेटी का." मी मागे वायरींपाशी होते. ऐकलं मी.

तुमची परतीची गाडी पावणेपाचची होती. आईनं फोन करून मला सांगितलं, आठवण कर. मी येऊन म्हटलं, "बाबा, गाडी." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, दुसरी आहे." तुम्ही कधी गाडी चुकवलेली मी जन्मात बघितलेली नाही.

निकाल काल लागला. पास झाले. परीक्षकांनी लिहिलं आहे की प्रोग्राम कच्चा आहे, तो सुधारावा. खरंच कच्चा आहे. सोनमशी बोलणं सुरू झालं आहे, पण आधीसारखं नाही, जपून जपून. मानसरोवरला तिनं पुन्हा बोलावलेलं नाही. लाडू आईनं आणि मी खाल्ले. चांगले होते. 

बसस्टॉपवर तुम्ही विचारलंत, "यातून पुढे काय करणार?" मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही मान हलवलीत, पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून. जानेवारीत पुढचं सेमिस्टर सुरू होईल, आणि मला आत्तापासूनच धाकधूक आहे.

पण मला लिहायचं होतं ते हे नाही. हॉल बंद करायची वेळ झाली, मी मेन स्विच काढला, आणि तुम्ही तो हात पाण्यातून बाहेर काढलात. दुपारभर भिजून तो पांढराफटक पडला होता, बोटांना सुरकुत्या आल्या होत्या, थंडीनं गारठला होता. रुमाल ओल्या हाताच्या बाजूच्या खिशात होता, दुसऱ्या हातानं तुम्हाला काढता येईना. तुम्ही काही न बोलता हात माझ्यापुढे केलात. मी ओढणीनं पुसला. आधी तळवा, मग एकेक बोट, मग नखांच्या कडा. सगळा कोरडा झाला तरी मी पुसत होते आणि तुम्ही हात मागे घेत नव्हतात.

तुमची,
हर्षाली